घंगाळाची ओटी

पॅकहाऊसचं काम सोडलं तेव्हा मला कुणी थांबवलं नाही. आठ वर्षं मी तिथं द्राक्षं साफ करत होते. घड हातात धरायचा, फुटलेला किंवा करपलेला मणी बारीक कात्रीनं काढायचा, घड प्लास्टिकच्या डबीत बसवायचा आणि डबी पट्ट्यावर ढकलायची. द्राक्षं संपली की डाळिंब, मध्ये टोमॅटो. हॉलमध्ये इतका गारठा असायचा की संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापायला बसलं तरी बोटं लवकर वळायची नाहीत. त्या गारठ्याची मला सवय झाली. हाकांची कधीच झाली नाही. सुपरवायझर लांबूनच ओरडायचा, "ए सहा नंबर, झोपली का?" आणि हॉलमधल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायच्या. सहा नंबरच्या टेबलावर मी असायची. घरी जेवायला बसले तरी त्या नजरा माझ्याबरोबर ताटावर असायच्या.

मी लहानपणापासून अशीच आहे. चौथीत गुरुजींनी फळ्याजवळ उभं करून पाढे म्हणायला लावले तेव्हा मला घेरी आली होती. पुढं आई आजारी पडली, धाकट्या भावंडांकडं बघायला घरात कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. सगळे हळहळले. मला मात्र आतून बरं वाटलं होतं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जुनं विकायला सुरुवात झाली ती मोटरसायकलीमुळं. माझे मालक डेअरीचा टेम्पो चालवतात, येडगावच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करतात. त्यांनी जुनी मोटरसायकल मोबाईलवरच्या ॲपवर विकायला काढली. फोटो मी काढले, बोलले ते. चार दिवसांत गाडी गेली. मग मी माळ्यावरचा एक पितळी डबा असाच टाकून बघितला. पुण्याच्या एका बाईनं तो घेतला. तिनं मला पाहिलं नाही, मी तिला पाहिलं नाही. तिनं लिहून विचारलं, मी लिहून उत्तर दिलं. दोन ओळी लिहायला मला दहा मिनिटं लागली, तरी समोर कुणी खोळंबून उभं नव्हतं. असं काम जगात असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्याकडं त्या सुमाराला घरोघरी स्लॅब पडत होते. माळे निघाले, फडताळं निघाली, आणि पितळेची-तांब्याची भांडी अंगणात आली. भंगारवाला ती वजनावर न्यायचा. मी त्याच्यापेक्षा थोडं जास्त देऊन घ्यायला लागले. राजुरीकडच्या दोन-तीन घरांतून पराती आणि हंडे आले. माझी बहीण मंचरला दिली आहे, ती आंबेगावच्या बाजूचं गोळा करून ठेवायची. बंब, पानाचे डबे, कंदील, पाट. सुरुवातीला मी सगळं चिंच लावून लख्ख घासायची, तर गिऱ्हाईक नाराज. त्यांना काळं पडलेलंच हवं असायचं. आमच्यात काळं भांडं दिसलं की घरातल्या बाईला नावं ठेवतात, आणि तिकडं त्यालाच मान.

दिवाळीत इतक्या मागण्या आल्या की पॅकहाऊसला जाऊन ते जमेना. मी घरात विषय काढला.

"रोजचं काम ते रोजचं काम असतं," मालक म्हणाले. "हे आज हाय, उद्या न्हाई."

"मला नाही जायचं तिकडं."

"का? काय झालं? कुणी काय बोललं का?"

कुणी काही बोललं नव्हतं. मला फक्त कुणी बघू नये असं वाटत होतं, आणि तरी घरात माझ्या हातचे चार पैसे यावेत असं वाटत होतं. हे कसं सांगायचं ते कळेना. शेवटी ते म्हणाले, "बघ बाई. तुझी मर्जी." सुपरवायझरला सांगायला गेले तर तो मोबाईलमधून वर न बघता म्हणाला, "जा. पण सीझनला परत येशील म्हणून जागा धरून ठेवणार नाय."

एक वर्ष चांगलं गेलं. घरामागच्या ओट्यावर मी हिरवं पांघरूण अंथरायची, त्यावर भांडं ठेवायची आणि सकाळच्या उन्हात फोटो काढायची. पाकिटं, खोकी, चिकटपट्टी सगळं घरात. टेम्पो नारायणगावला निघाला की खोकी त्यात चढायची आणि मालक कुरियरच्या दुकानात टाकून यायचे. मला उंबरा ओलांडायची गरज नसायची. दिवसभर बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. मी जाडसुद्धा झाले होते.

प्रत्येक भांड्यात मी मूठभर तांदूळ घालायची. रिकामं भांडं कुणाच्या घरी देऊ नये, हे आईनं मला चालायला शिकवलं त्याच्या आसपासच शिकवलं असावं. शेजारणीची वाटी परत करायची तरी आत साखर, शेंगदाणे, काहीतरी असायचंच. पैसे घेऊन विकलेलं भांडं असलं म्हणून काय झालं, ते कुणाच्या तरी घरात चाललंय. मी तांदूळ कागदाच्या पुडीत बांधून आत ठेवायची. एका गिऱ्हाइकानं लिहिलंही होतं, "तांदूळ पाहून फार छान वाटलं." ते मी मालकांना वाचून दाखवलं होतं.

आमच्या भिंतीला लागून ज्यांचं घर आहे त्यांना आम्ही सगळ्या आत्या म्हणतो. माझ्या सासूच्या वयाच्या. सासू गेल्यावर त्याच मला हाक मारून विचारायच्या, जेवलीस का म्हणून. त्यांच्याकडंही स्लॅबचं काम निघालं आणि एक दिवस त्या दोन कड्या धरून भलंमोठं तांब्याचं घंगाळ ओढत माझ्या ओट्यावर आल्या.

"हे ने बाई तुझ्या त्या मोबाईलवर."

"आत्या, हे कशाला काढताय? राहू द्या."

"कुठं राहू दे? नव्या न्हाणीत माझा पायसुद्धा वळत न्हाई, तिथं ह्याला कुठं बसवू? सून म्हणती, अडगळ." त्या घंगाळाशेजारी टेकल्या. "माझी तिन्ही पोरं ह्यातच न्हाली. भंगारवाला आला व्हता मागं, पण तो वितळवल गं. कुणाच्या तरी घरात नांदू दे."

"चांगलं गिऱ्हाईक बघून देते."

"आणि हे बघ, रिकामं नको धाडू. ओटी भर त्याची. लेक धाडतो तसं धाड."

मी हसले. त्या नाही हसल्या.

घंगाळ पुण्याच्या एका तरुण बाईनं घेतलं. तिला त्यात पाणी भरून फुलं ठेवायची होती. मी आत्यांच्या मनासारखं सगळं केलं. तांदूळ, त्यावर हळदकुंकू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. खणासाठी वेगळं कापड नव्हतं, म्हणून माझ्याच एका जुन्या चोळीचा धडका तुकडा ठेवला. घंगाळाला झाकण नसतं. तांदूळ सांडू नयेत म्हणून तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधलं. सुतळी संपली होती. घरात शेळीच्या गळ्यात बांधायला आणलेला काळा दोरा होता, तो चार वेढे देऊन बांधला. आत्या बघायला आल्या. घंगाळाच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. मग मी खोकं बंद केलं.

ते पावसाचे दिवस होते. खोकं कुठल्या तरी गोदामात दहा-बारा दिवस अडकलं. गिऱ्हाईक विचारत होतं आणि मी "येईल ताई, येईल" असं लिहीत होते. खोकं भिजलं असेल हा विचार माझ्या मनात आला होता. तांब्याला काय होतंय, असंही मनात आलं होतं.

मालक एका दुपारी अवेळी घरी आले. टेम्पो दारात तसाच चालू होता. त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

"हे आपलंच ना?"

व्हिडिओत पुण्याच्या त्या बाईचं घर होतं. फरशी पांढरीशुभ्र. तिचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते, आणि आवाज येत होता. "हे जुन्नरकडून मागवलंय. बघा, काळा दोरा बांधलाय. आणि हे आत... अरे देवा, हे काय आहे?" कुंकू विरघळून तांदूळ लाल झाले होते आणि त्यांच्यावर काळी बुरशी आली होती. खोबऱ्याला केस आल्यासारखे दिसत होते. चोळीचा तुकडा भिजून त्यात गुंडाळला होता. मी स्वतः बांधलेलं ते, पण क्षणभर मलाच त्याची भीती वाटली. बाई रडत सांगत होती की पार्सल घरात आलं त्याच संध्याकाळी बाळाला ताप भरला. शेवटी तिनं माझ्या जाहिरातीचा फोटो दाखवला. हिरवं पांघरूण, आमचा ओटा, मागची दगडी भिंत. खाली लिहिलं होतं, करणी केलेली भांडी विकतात, सावध राहा.

"डेअरीत सगळ्यांच्या मोबाईलवर हाय," मालक म्हणाले. "एकजण मला म्हणतोय, 'राव, कॅनमदी काय टाकून आणलंय का? आमी पोराबाळांचे हाय.' सगळे हसले. दोघांनी दूध घातलं न्हाई आज."

मी आत जाऊन बसले. त्या दिवशी ॲपवरच्या माझ्या खात्याखाली अनोळखी लोक काय काय लिहीत होते. संध्याकाळपर्यंत खातंच बंद झालं. ॲपवर मी माझा फोटो कधी लावला नव्हता, तिथं एक जास्वंदीचं फूल होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. आमचा ओटा गावात सगळ्यांना ओळखीचा आहे.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात मी धुणं वाळत घालत होते. भिंतीपलीकडं आत्यांच्या ओट्यावर चार-पाच माणसं बोलत होती. आत्यांच्या मुलाचा आवाज चढला.

"आई, ते घंगाळ आपलंच हाय. तूच दिलं व्हतं ना तिला?"

"भांडं दिलं."

"आणि आतलं ते?"

मी हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी होते. पाणी माझ्या पायावर गळत होतं.

"मी रिकामं दिलं," आत्या म्हणाल्या. "आत काय घातलं ते तिचं तिला ठावं."

"आपल्या घरच्या भांड्यात करणी! ज्यात आमी न्हालो त्यात!" कुणीतरी बाई म्हणाली, "म्हणून न्हवं का सुनेचं दोन येळा..." आणि तिचं बोलणं तिथंच कुणीतरी थांबवलं.

भिंतीला वळसा घालून गेलं तर त्यांचा ओटा वीस पावलांवर आहे. मला एकच वाक्य बोलायचं होतं. आत्या, तुम्हीच सांगितलं ना ओटी भर म्हणून. मी ते वाक्य मनात नीट लावलं. लुगडं दोरीवर टाकलं, चिमटे लावले, आणि घरात गेले.

मालकांना मी सगळं सांगितलं. ते उठून उभेच राहिले.

"मग सांग की चारचौघांत! आत्याच म्हणाली व्हती ना?"

"हो."

"मग तुझ्यावरचं जाईल."

"जाईल कुठं?" मी म्हणाले. "आत्यांवरच जाईल ना."

"जाऊ दे! त्यांनी तुझ्यावर ढकललंच की."

आत्यांच्या सुनेची दोन बाळं पोटातच गेली होती, आणि आता तिला पुन्हा दिवस होते. आत्यांनी सांगून ओटी भरली असं कळलं असतं, तर पुढं त्या घरात जे काही वाईट झालं असतं ते सगळं त्या म्हातारीच्या पदरात पडलं असतं. तिला म्हातारपण त्याच घरात काढायचं आहे. मी मालकांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "तुझं मन मोठं," आणि चिडून बाहेर गेले. पण ते खरं नव्हतं. आत्यांचा विचार मला घरात आल्यावर सुचला. भिंतीशी उभी होते तेव्हा मला फक्त त्या ओट्यावरची माणसं दिसत होती, ती सगळी माझ्याकडं वळून बघतील हे दिसत होतं. मन मोठं असतं तर मी आधी आत्यांचा विचार केला असता.

पुण्याच्या त्या बाईला मी आवाजात निरोप पाठवला. किती वेळा बोलले आणि पुसलं याची गणती नाही. शेवटी एवढंच पाठवलं, "ताई, ती ओटी होती. घरातनं भांडं जाताना भरतो. दोरा घरात तोच होता. बाळाचा ताप उतरला का?" दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "खरंच सॉरी ताई. मी फार घाबरले होते. माझी आई पण आता म्हणाली की ओटी असेल. बाळ बरं आहे. व्हिडिओ काढून टाकते." तिनं लगेच काढलाही. वाईट बाई नव्हती ती. पण तोवर तो मंचरपर्यंत आणि मंचरच्या पुढं गेला होता, आणि तिनं तो पुसला तरी इतरांच्या मोबाईलवरून माझ्यावरचा डाग निघणार नव्हता. तिचं उत्तर मी कुणालातरी दाखवावं असं मालकांना वाटत होतं. कुणाला दाखवणार? लोक विचारायला आले असते तर दाखवलं असतं. विचारायला कुणी येत नव्हतं.

भांडी न्यायला मात्र आले. राजुरीच्या एक बाई स्वतः आल्या नाहीत, दिराला पाठवलं. तो अंगणातच उभा राहिला. "वहिनी म्हणल्या, परात द्या परत. तुमचं पैसं हे घ्या." मी परात आणून दिली. त्यानं ती आतून-बाहेरून बघितली, उपडी करून झटकली, आणि पिशवीत न घालता मोटरसायकलच्या मागं बांधली. बहिणीनं मंचरहून फोन केला, "मी आता काही गोळा करत नाही गं, इकडं सासरचे ओरडतात." ती रडत होती. मीच तिला समजावलं.

आत्या मला एकदाच एकट्या भेटल्या, गिरणीत. गिरणीवाला मागं पट्टा लावत होता. त्यांनी दळणाचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सुनेला पाचवा लागलाय गं."

मी म्हणाले, "बरं आहे ना?"

"व्हय." मग डब्याचं झाकण काढत म्हणाल्या, "घंगाळ पोचलं का नीट?"

"पोचलं."

त्यांनी मान हलवली. गिरणी सुरू झाली आणि मग काही बोलता येण्यासारखं राहिलं नाही. सातव्या महिन्यात त्यांच्याकडं डोहाळेजेवण झालं. मांडव आमच्या भिंतीला टेकला होता. आळीतल्या सगळ्या बायका आल्या, गाणी झाली, पंगती उठल्या. मला बोलावणं नव्हतं. मी दिवसभर आतल्या खोलीत खोकी मोडून सपाट करत बसले होते.

मालक बोलत नव्हते असं नाही. पण डेअरीतून आले की हात धुऊन थेट आडवे व्हायचे. द्राक्षांचा सीझन लागला तेव्हा मीच म्हणाले, "मी पॅकहाऊसला जाते." ते म्हणाले, "जमल का?" मी म्हणाले, "जमवते."

सुपरवायझरनं मला पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यानं हाक मारली नाही. मला त्यानं शेवटच्या टेबलावर बसवलं, शीतघराच्या दाराशी, एकटीला. सहा नंबरवर दुसरी मुलगी होती. पूर्वी ज्या बायका माझ्याकडं बघायच्या त्यातली एकही बघत नव्हती. मी घड उचलत होते, मणी काढत होते. इतकी वर्षं मी हेच मागत आले होते, कुणी बघू नये म्हणून. पहिले दोन तास मला वाटलं की हे बरं आहे.

जेवणाच्या सुट्टीत बायका गोल करून बसल्या. तिथं कुणी एकटीचं खात नाही. डबे मध्ये येतात, ज्याला जे आवडेल ते उचलायचं. मी घरून लसणाची चटणी जास्त आणली होती. माझा डबा मध्ये सरकवला.

"मला आज उपास हाय," शेजारची म्हणाली आणि आपली भाकरी मांडीवर घेतली.

"मलाबी," तिच्या पलीकडची म्हणाली. तिच्या तोंडात घास होता.

एका मुलीला हसू फुटलं, तिनं पदर तोंडाला लावला. तिच्याशेजारची म्हातारी तिला म्हणाली, "हसती काय गं, जेव." आणि सगळ्या खाली बघून जेवायला लागल्या. डबा तसाच मध्ये होता. कुणी तो माझ्याकडं परतही सरकवला नाही, कारण मग त्याला हात लावावा लागला असता.

मी वाकून तो उचलला आणि झाकण लावलं. आता चटणी मी एकीपुरतीच कुटते.